आखाजीसाठी पोरांच्या हातची कार्डं : कागदही घरीच करायचाय, मदत हवी

निंबाचा_झोका (अमळनेर)

राम राम मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अठरा दिवस उरलेत. घरात तीन पोरं आहेत. माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा आणि जाऊबाईंचा धाकटा चारचा. शाळा सकाळची, साडेअकराला सगळे घरी. मग चारपर्यंत बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आणि मोबाईल काढून घेतला की रणांगण.

पोरांची फुई (खान्देशाबाहेरच्यांसाठी : आत्या) सुरतेच्या उधन्याला असते. पूर्वी आखाजीला तिला आणायला घरातून मुऱ्हाळी जायचा. आता ती स्वतःच गाडीत बसून येते. सासूबाई परवा सहज म्हणाल्या, "बोलवायला कोणी जात नाही, फोनवर सांगून मोकळे होता." ते मनाला लागलं. म्हणून ठरवलं, यंदा पोरांनी कार्ड करायचं, पोस्टात टाकायचं आणि तेच मुऱ्हाळी समजायचं.

मागच्या वर्षी साडेचारशे रुपयांचं किट मागवलं होतं. सगळं आधीच कापलेलं, पोरांनी फक्त चिकटवायचं. वीस मिनिटांत संपलं आणि चमकी अजून गाद्यांतून निघतेय. यंदा कागदापासून सुरुवात करायची हौस आहे. पहिला प्रयोग काल केला. वर्तमानपत्र भिजवलं, मिक्सरला फिरवलं, पिठाच्या चाळणीवर थापलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. दीड तासात वाळलं, पण रंग राखेसारखा, आकार पापडासारखा, आणि दुमडायला गेले तर दोन तुकडे. काय चुकलं?

गोटी_आणि_शंख (एरंडोल)

ताई, एकच चुकलं असं नाही, पाचेक गोष्टी चुकल्यात. रागावू नका.

वर्तमानपत्र सोडा. त्याचे धागे आखूड आणि कमजोर, वर शाई. कागद करडा होणार आणि पुढे पिवळा पडणार. पोरांच्या गेल्या वर्षाच्या वह्या काढा. पिना काढून टाका. चकचकीत कव्हरं आणि दुकानाच्या पावत्या नकोत. पानं टपाल तिकिटाएवढी फाडायची. हे काम चार वर्षांच्या पोराला द्या, त्याच्याइतकं मन लावून कोणी फाडत नाही. रात्रभर भिजू द्या. मिक्सरच्या भांड्यात मूठभर लगदा आणि पाऊण भांडं पाणी, आणि सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा. चटणीचं भांडं घेऊ नका, वेगळं ठेवा.

मग थापायचं नाही! तिथेच सगळे फसतात. कागद थापत नाहीत, उचलतात. सारख्या मापाच्या दोन लाकडी चौकटी घ्या (जुन्या फोटो फ्रेम चालतात). एकीवर मच्छरदाणीची जाळी ताणून टाचा, दुसरी मोकळी तिच्यावर ठेवा. टबात भरपूर पाणी आणि त्यात लगदा, इतका पातळ की ताक वाटावं. हाताने ढवळा, चौकटी तिरप्या आत घाला, आडव्या करा आणि सरळ वर उचला. पाणी गळत असतानाच एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे हलवा. या हलवण्यानं धागे एकमेकांत अडकतात, आणि त्यानं कागदाला बळकटी येते. पाणी गळालं की वरची चौकट काढा आणि जाळी जुन्या सुती धोतराच्या ओल्या तुकड्यावर पालथी घाला. मागून स्पंजनं पाणी टिपा आणि एक कड धरून जाळी अलगद उचला. असे कागद आणि कापडं एकावर एक रचा, वर पाट, पाटावर विटा. दोन तास दाबून ठेवा.

वाळवायचं सावलीत. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन म्हणजे भट्टी. वरची बाजू आधी आक्रसते म्हणून पापड होतो. ओला कागद खिडकीच्या काचेवर किंवा ताटाच्या पाठीवर चिकटवून पंख्याखाली ठेवा. सपाट राहतो आणि काचेकडची बाजू गुळगुळीत निघते.

दहा मोठ्या पानांच्या लगद्यात वहीच्या अर्ध्या पानाएवढे सहा-सात जाड कागद होतात. उरलेला लगदा मोरीत ओतू नका, मोरी तुंबते. पिळून गोळे करून वाळवा, पुढच्या वेळी पुन्हा भिजवता येतात.

आणि हो, आमचं एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा त्याची नोंद आहे. दौलताबादजवळचं कागजीपुरा सगळ्यांना माहीत असतं, एरंडोल कुणाला आठवत नाही, म्हणून सांगितलं.

फुकटचा_सल्ला (जळगाव)

आखाजीला कार्डं म्हटल्यावर आम्हाला बावन्न पानंच आठवतात भो. धागा उघडून निराश झालो.

निंबाचा_झोका

@फुकटचा_सल्ला, ती कार्डं आमच्याकडे पुरुषमंडळी न शिकवता खेळतात.

@गोटी_आणि_शंख, दादा, किती बारकाईनं लिहिलंत. एक शंका, आयडीत गोटी आणि शंख का?

गोटी_आणि_शंख

घोटायला. खळ लावलेला कागद वाळला की जुने कारागीर त्यावर गुळगुळीत दगड किंवा शंख घासत. त्यानं पृष्ठभाग बसतो आणि बोरू अडखळत नाही. पोरांना काचेची मोठी गोटी किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ द्या. खळ लावलीच नाही तर कागद टिपकागदासारखा शाई पितो. तुम्ही स्केचपेननं लिहिलं असतं तर तेही फुटलं असतं. खळीसाठी भाताची पेज चालते, पण गव्हाची उत्तम.

पुण्यातली_खान्देशी

गव्हाची खळ? अगं झोका, एप्रिल चाललाय! घरात कुरडया घालत असतील ना? कुरडईचा चीक म्हणजे गव्हाचं सत्त्वच की. सासूबाईंकडे एक वाटी माग.

निंबाचा_झोका

अग्गं! डोक्यातच आलं नाही. खाली पातेलं भरून चीक बसलाय. पण सासूबाईंच्या चिकाला हात लावायचा म्हणजे… बघते.

केळीचं_खोड (रावेर)

वह्या कशाला? आमच्याकडे केळीचा घड कापला की खोड शेतातच पडून राहतं. त्याची सोपटं आणा, फुकट. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळा. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो, पातेलं काळं पडेल आणि घरात बोलणी बसतील. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, मुसळानं कुटा, मग मिक्सर. नुसत्या केळीचा कागद पोरांना जमणार नाही, अर्धा वहीचा लगदा मिसळा. सोनेरी रेषा दिसतात कागदात, बाजारच्या कुठल्या कागदाला ती शोभा नाही.

उकळायचं काम मोठ्यांनी करायचं. आणि पोरांना जुने कपडे घाला. केळीच्या चिकाचा डाग जन्मात निघत नाही.

पांढरं_सोनं (चोपडा)

केळीवाले बोलले म्हणून कपाशीवाल्यानंही बोलायला हवं. मी गेल्या साली घरच्या कापसाचा कागद करायला निघालो होतो. हातकागद कापसाचा असतो असं ऐकलं होतं. कापूस पाण्यात टाकला तर दिवसभर बदकासारखा तरंगत राहिला. दाबून दाबून मिक्सरमध्ये घातला, तर पात्याच्या दांड्याला असा गुंडाळला की मोटर जळाली. बायको अजून तो मिक्सर पाहुण्यांना दाखवते.

गोटी_आणि_शंख

@पांढरं_सोनं, भाऊ, हसू आवरत नाही, माफ करा. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणासारखा थर असतो, म्हणून तो पाणी पीत नाही. धागाही लांब, तो गुंडाळणारच. हातकागदाला कापूस लागतो तो चिंध्यांच्या रूपात. बनियन-टीशर्ट शिवताना उरलेल्या पांढऱ्या सुती कातरणी. त्या धुऊन-विरंजून झालेल्या असतात, बारीक कापून यंत्रात तासन्‌तास कुटल्या की उत्तम लगदा. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून कागद होतोय. ते घरच्या मिक्सरचं काम नाही.

रिकामी_रिफिल (शहादा)

चित्रकला शिकवतो म्हणून थोडं वेगळं बोलतो.

कागदावर इतकी चर्चा झाली, पण कार्डावर काय असणार? ताई, पोरांनी काय काढलंय आत्तापर्यंत?

निंबाचा_झोका

सर, खरं सांगू? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला घर. तिघांचंही तेच. धाकट्याला तर मीच रेषा काढून दिल्या.

रिकामी_रिफिल

तीस वर्षं झाली, तो सूर्य त्या दोन डोंगरांमधून खाली उतरायला तयार नाही. अमळनेरातून कुठला डोंगर दिसतो सांगा! तुमच्याकडे सूर्य कपाशीच्या रानातून उगवतो आणि विजेच्या तारेवर अडकतो.

रेषा काढून देणं आजच थांबवा. मोठ्यांनी काढलेल्या चित्रात रंग भरून पोर काही बोलत नाही, फक्त आपल्याला खूश करतं. एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो, शुभेच्छापत्रांची स्पर्धा. पहिल्या तिन्ही कार्डांवर पालकांचा हात स्पष्ट दिसत होता. मी एका वाकड्या कार्डाला नंबर द्या म्हणालो. आत लिहिलं होतं "आजी तुझे दात सापडले का". पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही.

आधी कागद-रंग बाजूला ठेवून पोरांना विचारा, फुई आली की काय होतं? ती काय आणते, कुठे झोपते, कोणाला काय म्हणते? उत्तर मिळालं की तेच चित्र.

वयाप्रमाणे काम द्या. चार वर्षांच्याला अंगठ्याचे ठसे आणि भेंडीचे ठसे (भेंडी आडवी कापली की फूल तयार). सहाच्याला निंबाची डहाळी रंगात बुडवून छापू द्या. ताजं पान लगद्यात घालू नका, काळपट होतं. जाड पुस्तकात आठवडाभर दाबून वाळवलेलं घाला. नऊच्या मुलीला घडीतून उठणारं काहीतरी करता येईल.

निंबाचा_झोका

विचारलं सर. थोरली म्हणाली, "फुई आली की आई झोक्यावर बसते, नाहीतर बसत नाही." मला वाटलं फुईबद्दल काही येईल, आलं ते माझ्याबद्दल. मधला म्हणाला, "फुई चिंचोक्यांत मला जिंकू देते, पण मला माहीत असतं." धाकट्याचं उत्तर : "फुईची पिशवी."

थोरलीला झोका उठायला हवा आहे. कसा करू?

रिकामी_रिफिल

वा, मग झालं की काम! झोका सोपा आहे.

उठणाऱ्या भागाला बाजारातलं कार्डशीट घ्या, घरच्या कागदाला चीर दिली की फाटतो. घरचा कागद वर चिकटवायला. ए-५ मापाचा (ए-४ च्या अर्धा) तुकडा मधोमध दुमडा, घडी आडवी ठेवून, म्हणजे कॅलेंडरसारखं उघडेल. घडीच्या मध्यावर दीड सेंटिमीटर अंतरानं दोन समांतर चिरा द्या, प्रत्येक चीर घडीच्या वर चार आणि खाली चार सेंटिमीटर. वरचं आणि खालचं टोक सुटू द्यायचं नाही. आता मधली पट्टी आतून पुढे ओढा आणि तिची घडी उलटी पाडा. कार्ड काटकोनात उघडलं की पट्टीचं एक आडवं आणि एक उभं अंग तयार होतं. फांदी आणि खांब! आडव्या अंगाला दोऱ्यानं कागदाची बसकण टांगा. फुंकर मारली की हलते.

घडी पाडण्याआधी रेघेवरून रिकामी रिफिल पट्टीला टेकवून दाबून ओढायची (आयडी यावरून). घडी सुबक येते. तरी काठ फाटल्यासारखे झाले तर कागद फिरवून बघा. यंत्राच्या कागदात धागे एका दिशेनं असतात, त्यांना आडवं दुमडलं की तडे जातात. हातानं दोन्ही दिशांना वाकवून पाहा, जिकडे सहज वाकतो तिकडे घडी.

फेव्हिकॉल बोटभर लावू नका, कागद फुगतो आणि सुरकुततो. गोंदाची कांडी (ग्लू स्टिक) बरी.

पुण्यातली_खान्देशी

रंगाला हळद वापरा! कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग कापसाच्या काडीनं खायच्या सोड्याच्या पाण्यानं लिहा. अक्षरं लाल उमटतात, पोरं वेडी होतात. उन्हात मात्र हळद उडते, म्हणून पाकिटातच ठेवा. बिटाच्या फंदात पडू नका, आठ दिवसांत तपकिरी. सातपुड्याकडे कोणाकडे पळसाची वाळलेली फुलं असतील तर त्यांचा केशरी सुंदर येतो.

लाल_पेटी (भुसावळ)

टपाल खात्यातून निवृत्त आहे. सगळे कागद करण्यात गुंग, तो पोचायचा कसा हे कोणी बोलत नाही!

साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. त्यापुढे प्रत्येक २० ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला आणखी ५. आता हिशोब. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ए-४ कार्डशीट साडेबारा ग्रॅम भरतं. वर घरचा जाड कागद दोन-तीन ग्रॅम, पाकीट पाच-सहा. झाले वीस, आणि गोंद-दोरा-टिकल्या वेगळ्या. म्हणून सरांनी सांगितलेलं ए-५ बरोबर आहे. सगळं मिळून पंधरा-सोळाच्या आत बसतं.

तिकीट कमी पडलं तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. फुईला दारात भुर्दंड नको. पाकिटात मणी, बटणं, शिंपले घालू नका, शिक्का मारताना फुटतात आणि पाकीटही फाडतात. खिडकीवर एकदा वजन करून घ्या. आणि पिनकोड पोराकडूनच लिहून घ्या, सहा चौकोन आखून. आखाजीच्या आधी किमान आठ दिवस टाका.

फुकटचा_सल्ला

काका, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की सेकंदात उधना. शून्य ग्रॅम.

लाल_पेटी

बाळा, तुझ्या फोनात गेल्या दिवाळीचा एक तरी मेसेज शोधून दाखव. माझ्या पेटीत १९८४ चं पत्र आहे.

निंबाचा_झोका (पाच दिवसांनी)

अहवाल देते.

सासूबाईंना भीत भीत चीक मागितला. म्हणाल्या, "कागदाला? आमच्या वेळी वह्यांना पुठ्ठे चिकटवायला हेच होतं." त्यांनीच एक चमचा चीक पेलाभर पाण्यात शिजवला, पारदर्शक होईपर्यंत, आणि फडक्यातून गाळून दिला. मग स्वतःच ब्रश घेऊन बसल्या. गच्चीवर एका खाटेवर कुरडया, दुसऱ्या खाटेखाली सावलीत आमचे कागद. दुपारी दोघांच्या राखणीला धाकटा, काठी घेऊन.

पहिल्या दिवशी नऊपैकी चार कागद जाळीवरून सुटलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कापड नीट ओलं केलं तेव्हा सुटायला लागले. थोरलीला हलवायची लय सापडली, मला अजून सापडलेली नाही. घोटायला गोटी घेतली तर मधल्यानं गोटी घेऊन पळ काढला, म्हणून चमचा.

केळीवाले दादा, बाजारातून खोड आणलं पण उकळायचं धाडस झालं नाही. गॅसवर तीन तास सोडा, घरात तीन पोरं. दिवाळीच्या सुट्टीत बघू.

चित्रं : थोरलीचा झोका उठतो. झोक्यावरच्या बाईला तिनं माझी हिरवी साडी नेसवलीय. मधल्यानं हळदीच्या कागदावर सोड्यानं "फुई आखाजीले ये" लिहिलं, 'ये' मावला नाही म्हणून मागच्या बाजूला. मी दुरुस्त करणार होते, सरांची आठवण झाली आणि हात मागे घेतला. धाकट्यानं अंगठ्यांच्या ठशांची पिशवी काढलीय. पिशवी आहे हे त्यालाच सांगावं लागतं.

गोटी_आणि_शंख

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. एक सूचना : खळ लावलेला कागद कसर आवडीनं खाते. उरलेले कागद कपाटात निंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवा.

केळीचं_खोड

धाडस झालं नाही म्हणता, हरकत नाही. पण खोड फेकू नका, बारीक करून तुळशीत टाका.

रिकामी_रिफिल

'ये' मागच्या बाजूला गेलेलं कार्ड मला बघायचंय. फोटो टाका ना.

निंबाचा_झोका

सर, पोस्टात टाकलं. वेगवेगळी तीन पाकिटं, प्रत्येकाला आपलं तिकीट आपण चिकटवायचं होतं. काका, घरच्या किचन काट्यावर तिन्ही तोलली. सगळ्यात जड चौदा ग्रॅम. म्हणून खिडकीवर न थांबता पेटीत टाकली.

लाल_पेटी

खिडकीवर थांबायचं होतं. पण ठीक आहे, चौदा म्हणजे निर्धास्त.

निंबाचा_झोका (आखाजीच्या दुसऱ्या दिवशी)

सगळ्यांना उशिरानं आखाजीच्या शुभेच्छा. मांडे, रस, घागर, झोका, सगळं झालं. होय, मीही बसले झोक्यावर.

फुई आली ती दारातच पिशवी खाली न ठेवता मधल्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला : "दहा रुपये काढ." कोणाला काही कळेना. मग तिनं पिशवीतून त्याचं पाकीट काढलं आणि उलटं केलं, तर जमिनीवर बारा चिंचोके. मी तोलून झाल्यावर, गोंद वाळायच्या आत, साहेबांनी आत सरकवले होते. "खेळायला लागतील ना, म्हणून पाठवले," म्हणे. पोस्टमननं दहा रुपये घेतल्याशिवाय पाकीट दिलं नाही.

दहा रुपये मधल्याकडे नव्हते. मग काल संध्याकाळी ओट्यावर चिंचोक्यांचे डाव झाले, एका डावाला एक रुपया. रात्रीपर्यंत चार रुपये फिटले होते.

लाल_पेटी

सांगितलं होतं.

फुकटचा_सल्ला

म्हणजे शेवटी आखाजीला डाव मांडलाच ना! झोकाताई, तेवढं चौकटीचं माप टाका. भाचीला करून द्यायचीय.

निंबाचा_झोका

आतून २१ बाय १५ सेंटिमीटर, दोन्ही सारख्या. जाळी चांगली ताणून लावा, मध्ये झोळ राहिला तर कागद मध्यभागी जाड होतो.